पाशामियाँची छापरी

१

भूमच्या कागद कारखान्यात फौजदार नागप्पा बिराजदार पोचले तेव्हा ढेक्या बंद होत्या. एरवी गावाबाहेरचा ओढा ओलांडला की चिंध्या कुटणाऱ्या त्या ढेक्यांचा धप्प धप्प आवाज सामोरा यायचा.  आज शेडमध्ये चिंध्या निवडणाऱ्या बायका पदर तोंडाला लावून भिंतीशी बसल्या होत्या, आणि पाण्याच्या हौदापाशी म्हातारे पाशामियाँ एक रिकामी लाकडी चौकट दोन्ही हातांत धरून उभे होते. पोरकं लेकरू धरावं तशी.

"अमीनसाब," ते म्हणाले. निजामाचं राज्य जाऊन इतकी वर्षं झाली, संयुक्त महाराष्ट्रही झाला, पण फौजदाराला अमीन म्हणायची त्यांची जुनी सवय सुटली नव्हती. "माझी छापरी गेली."

छापरी म्हणजे काय हे नागप्पांना कुणी सांगायची गरज नव्हती. गवताच्या बारीक काड्या घोड्याच्या शेपटीच्या केसानं एकमेकींना गुंफून केलेली, हातरुमालासारखी गुंडाळता येणारी ती चटई. चौकटीवर अंथरायची, हौदातल्या पातळ लगद्यात बुडवायची, वर उचलून हलवायची. पाणी गळून जायचं आणि काड्यांवर कागदाची साय उरायची. पाशामियाँच्या आजोबांनी ती विणली होती. तशी विणणारा आता आसपास कुणी उरला नव्हता. कारखान्यात तारेच्या जाळीचे नवे साचे आले होते, पण त्यांवरचा कागद पाकिटांना आणि फायलींनाच बरा. खरा देखणा, लांबलचक कागद उठायचा तो छापरीवरच.

आणि नेमकी त्या कागदाचीच आता गरज होती. निजामाच्या राजवटीशी लढलेल्या माणसांचा जिल्ह्याच्या गावी सत्कार व्हायचा होता. त्यांच्या मानपत्रांचा कागद हा कारखाना चालवणाऱ्या भूमच्या सोसायटीकडून मागवला होता. तो वेळेत गेला तर पुढची कामं मिळणार होती. नाही तर ढेक्या कायमच्या थांबणार, असं सगळे धरून चालले होते.

"काल संध्याकाळी मी स्वतः कुलूप घातलं साहेब," कारखान्याचे व्यवस्थापक लिंबाजी म्हणाले. "किल्ली माझ्या कंबरेला. सकाळी कुलूप जसंच्या तसं. खिडक्यांना गज. मग छापरी गेली कुठून?"

२

चौकट टांगायच्या खुंटीखाली पडलेलं ओलं पोतं उचलून नागप्पांनी पाशामियाँना विचारलं,

"रोज संध्याकाळी तुम्ही हे चौकटीवर टाकता?"

"व्हय. छापरीला वारं लागू नये म्हनून."

"आणि लिंबाजी, कुलूप घालताना पोत्याखाली पाहिलं होतं?"

लिंबाजींनी मान खाली घातली. "पोतं दिसलं. आत छापरी असंल असंच वाटलं."

"म्हणजे कुलूप लागलं तेव्हा ती आत होतीच असं नाही. ती दिवसाउजेडी गेली. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत."

शेडमध्ये कुजबुज झाली. आता प्रत्येक जण शेजाऱ्याकडे पाहू लागला.

नागप्पा चौकट न्याहाळत राहिले. तिच्या ओल्या लाकडाचा वास नाकात शिरला आणि त्यांना आपली पहिली नेमणूक आठवली. याच भूमच्या ठाण्यात ते मोहरीर, म्हणजे लिहिणारे कारकून होते, मिसरूड नुकतं फुटलेलं, मराठी आणि शाळेची उर्दू दोन्ही तोडकीमोडकी. उमरग्याकडून आल्यामुळे मधूनच तोंडातून कानडी निघायची. तेव्हा पाशामियाँ ऐन उमेदीत होते. त्यांच्या घरचा घोटलेला कागद ठाण्यात यायचा. अकीकाच्या गोट्यानं घासून घासून त्याला अशी झिलई आणलेली असायची की बोरू नुसता टेकवला तरी अक्षर आपसूक घसरत जायचं. कागदाचा गठ्ठा द्यायला आले की पाशामियाँ घटकाभर बसायचे आणि एक ताव कानाशी हलवून म्हणायचे, "ऐका. बोलतो का न्हाय?" कागद खरंच बोलायचा. गिरणीचा कागद आला, तो मुका होता.

"जैनोद्दीन कुठाय?" त्यांनी विचारलं.

पाशामियाँचा तरणा मुलगा ढेकीमागून पुढं आला. परवा त्यानं भर शेडमध्ये बापाशी भांडण केलं होतं, हे लिंबाजींनी वाटेतच सांगितलं होतं. जैनोद्दीनला पुण्याकडच्या एका मोठ्या कागद गिरणीत नोकरी लागत होती. बाप सोडत नव्हता. तेव्हा तो ओरडला होता, "घाला ती छापरी चुलीत! तिच्यापायी आपन सगळे बुडालो!"

"छापरी तू घेतलीस?"

"न्हाय."

"मग कुणी घेतली, माहीत आहे?"

 जैनोद्दीनची नजर क्षणभर शेडच्या दाराकडे गेली आणि तिथून झटकन पायाशी आली.

"बोल की रं!" पाशामियाँ कळवळून म्हणाले.

"मला न्यायचं आसंल तर न्या साहेब," जैनोद्दीन म्हणाला. "मी काय बोलनार न्हाय."

३

गावाला मात्र सगळं कळून चुकलं होतं. मानपत्रांचा कागद होऊ नये म्हणून मुद्दामच केलं असणार, असं हाटेलात एकानं म्हटलं आणि दुपारपर्यंत ते सगळ्यांच्या तोंडी झालं. अठ्ठेचाळीस सालच्या पोलीस ॲक्शनच्या धामधुमीत पाशामियाँचा जावई गेला होता. बाजाराला म्हणून निघाला तो परत आला नाही. त्याची बायको हुसेनबी तेव्हापासून बापाघरीच, कारखान्यात चिंध्या निवडायला जायची. त्या घराच्या मनात राग असणारच, असं लोक म्हणू लागले. हे बोलणं नागप्पांच्याही कानावर आलं. तसली बोलणी त्यांनी त्या साली ऐकली होती, आणि त्यातून काय होतं तेही पाहिलं होतं.

त्यांनी जैनोद्दीनला कोठडीत घातलं नाही, ठाण्याच्या व्हरांड्यात बसवलं. संध्याकाळी घरी जा म्हणाले तर तो हलेना.

"हितंच बरा हाय."

"घरी जायला घाबरतोस कशाला?"

 तो तिथंच झोपला, तिथंच जेवला. घरून भाकरी यायची ती शेजारचं कुणीतरी आणून द्यायचं. बहीण एकदाही आली नाही.

"दोन फटके द्या, पोपटासारखा बोलंल," लिंबाजी रोज येऊन सांगायचे.

"मारून माणूस बोलतो लिंबाजी, पण खरं बोलतो असं नाही."

बंडप्पाकडेही नागप्पा जाऊन आले. कारखान्याची शेड या धान्याच्या व्यापाऱ्याची. कारखाना उठला तर त्याला गोदाम मिळणार होतं, आणि चोरीच्या दिवशी त्याच्या गाड्या शेडच्या अंगणात पोती उतरवून गेल्या होत्या.

"शरणार्थी, नागप्पा," बंडप्पानं गादीवरूनच लिंगायती रिवाजानं नमस्कार करत हात जोडले. "बस. मला ठाऊक हाय तू कशाला आलास. शेड मला पायजे, लपवीत न्हाय. पन छापरी घेऊन मी काय करू, जोंधळा चाळू? तिला मोडायची आसती तर चौकटीसकट गाडीत टाकून चाकाखाली घातली आसती."

नागप्पा हसले, पण परतीच्या वाटेवर ते वाक्य त्यांच्या डोक्यात घोळत राहिलं. चौकटीसकट. चोरानं चौकट का सोडली? विकायची असती तर चौकट लागली असती, चौकटीवाचून छापरी म्हणजे नुसती चटई. मोडायची असती तर सोडवण्याचा खटाटोप कशाला? काड्या दुखावू नयेत म्हणून ती हळुवार सोडवून, गुंडाळून नेली होती. चोराला ती हवी होती. आणि चौकट नको होती, कारण चौकट त्याच्याकडे आधीच होती.

त्या मापाची दुसरी चौकट कुणाकडे असणार?

कारखान्यावरून जाताना चिंध्यांच्या ढिगापाशी बानूबाईचा आवाज चढलेला ऐकू आला. निवडणाऱ्या बायकांवर ती मुकादम होती.

"बगा साहेब, काय पाठवतो ह्यो बार्शीचा शिंपी! आपल्याला पांढऱ्या कातरनी लागत्यात. परवाच्या बाजारी गाठोडं आलं तर निम्मं लालभडक! ह्याच्या आधी कधी लाल आलं न्हाय. लगद्यात पडलं आसतं तर हौदाचं रगत झालं आसतं. समदं निवडून भाईर टाकलं. बायकांनी नेलं वाकळंला."

"कुणी कुणी नेलं?"

"कुनी थोडं, कुनी लई. कशापायी?"

"सहज," नागप्पा म्हणाले. तेव्हा खरंच सहज विचारलं होतं.

४

पाशामियाँचं घर गावकुसाला लागून होतं. अंगणात जुनी दगडी डोणी, तिच्यात पाणी. नागप्पा दुपार कलताना गेले. म्हातारा बाहेरच्या खोलीत बाजेवर बसला होता. डोळ्यांत मोतीबिंदू पसरला होता, हात मांडीवर ठेवले तरी थरथरत होते. एवढ्यात किती थकला हा माणूस, असं नागप्पांना वाटलं.

"जैनू चोर न्हाय अमीनसाब," पाशामियाँ म्हणाले. "रागीट हाय. पन त्यानं छापरीला हात लावला न्हाय. त्याला तिची गोडीच न्हाय तर चोरील कशाला?"

हे मात्र अगदी खरं होतं, आणि आजवर कुणी म्हटलं नव्हतं.

हुसेनबी चहा घेऊन आली. तिशी ओलांडलेली, हडकुळी, ओढणी कपाळापर्यंत. कप ठेवताना नागप्पांचं लक्ष तिच्या हातांकडे गेलं. बोटं पाण्यात भिजून सुरकुतली होती, पांढरीफटक पडली होती. भांडी घासणाऱ्या बाईची बोटं अशी होतात. पण हात कोपरापर्यंत भिजून पांढरा?

ती आत वळली. नागप्पांनी कप उचलला आणि त्याच वेळी कलतं ऊन पाशामियाँच्या पाठीमागच्या झरोक्यात आलं.

झरोक्याला कागद चिकटवला होता. नवाकोरा, फिकट गुलाबी. उन्हानं तो आतून उजळला आणि त्यात रेघा दिसू लागल्या. बारीक, समांतर, गवताच्या काड्यांच्या. तारेच्या साच्याची नक्षी चौकडीची असते; ही तशी नव्हती. उजवीकडं एका जागी दोन रेघा एकमेकींना चिकटल्या होत्या. तिथली काडी फार वर्षांपूर्वी मोडली होती आणि पाशामियाँनी ती दुसरीला बांधून टाकली होती. ठाण्यातल्या जुन्या कागदावरही ती खूण होतीच. नागप्पांनी तिच्यावरून कितीदा बोरू फिरवला होता.

चहा तसाच निवत राहिला.

"काय झालं अमीनसाब? बोलत का न्हाय?"

"पाशामियाँ," नागप्पा हळूच म्हणाले, "तुमच्या पाठीमागं झरोक्याला काय लावलंय?"

"कुठं काय? मला दिसतंय कुठं."

आतल्या दाराशी काहीतरी पडल्याचा आवाज झाला.

५

नागप्पांनी शिपाई पाठवून जैनोद्दीनला घरी आणवलं. तो दारातून आत आला, झरोक्याकडे पाहिलं, आणि दाराशीच भिंतीला टेकून बसला.

"आता ऐका," नागप्पा म्हणाले. "हा कागद छापरीवर उठलाय. तिची खूण त्यात आहे. पण कधी उठला? हा गुलाबी आहे. कारखान्यात लाल चिंध्या आल्या त्या परवाच्या बाजारी, छापरी गेल्यानंतर. तेव्हा जैनोद्दीन माझ्या व्हरांड्यात होता. म्हणजे हा कागद त्यानं केला नाही. उरली घरातली दोन माणसं."

पाशामियाँनी बाजेवरून पाय खाली सोडले.

"पाशामियाँ, तुम्ही जन्मभर कागद उचलला. तुमचा ताव चारी कडांना सारखा असतो. हा बघा, डाव्या कडेला जाड आहे, उन्हात काळसर दिसतोय. हा शिकाऊ हात आहे. छापरी चिंध्यांच्या गाठोड्यात गुंडाळून डोक्यावर घेतली, लिंबाजींच्या समोरून कारखान्याबाहेर काढली. जैनोद्दीननं ते पाहिलं. म्हणून तो बोलेना, आणि घरीही जाईना. तो माझ्यासमोर होता तोवर माझं लक्ष त्याच्यावर राहणार होतं, या घरावर नाही."

हुसेनबी दारातून पुढं आली. तिनं ओढणी मागं सारली होती.

"मी नेली. एका दिसासाठी नेली. सकाळी गुपचूप ठेवनार व्हते, पन अब्बा माझ्या आधी पोचले."

"कशापायी?" पाशामियाँ ओरडले. त्या आवाजानं अंगणातली कोंबडी फडफडून पळाली. "माझ्या घरात चोर जन्मली!"

"अब्बा, तुमचे हात कापतात. तुमाला दिसत न्हाय. जैनू जानार. मंग कोन? लहान आसताना म्या कितीदा म्हनले, मला शिकवा. तुमी म्हनायचे, बेटी पराये घर की, हुन्नर तिकडं जाईल." ती बाजेपर्यंत पुढं आली. "ते घर तर र्‍हायलंच न्हाय, अब्बा. मंग मी कुठल्या घरची?"

 नागप्पांनी मान वळवली. पोलिसाच्या नोकरीत माणसं रडताना पुष्कळ पाहिली होती त्यांनी, पण ही रडत नव्हती.

"जैनूला नेलं तेव्हाच ठान्यात येनार व्हते," ती पुढं म्हणाली. "पन नुसती छापरी घेऊन आले आसते तर चोर म्हनून नाव झालं आसतं. आमचं नाव आधीच काय कमी घेतात लोक? वाटलं, एक ताव धड उठू दे. तो घेऊन येते. मंग इचारतील तरी, कुनी केला म्हनून. कारखान्याचा लगदा न्हाय घेतला. टाकलेल्या चिंध्या उखळात कुटल्या, डोनीत कालवल्या, माळ्यावरची अब्बांची जुनी चौकट काढली. लई ताव फाटले. ह्यो पहिला टिकला. टाकवेना म्हनून झरोक्याला लावला."

"आपा, गप ना," जैनोद्दीन पुटपुटला. तो मात्र रडत होता.

नागप्पा उभे राहिले. "पाशामियाँ, छापरी सोसायटीची नाही, तुमच्या घराण्याची आहे. घरातली वस्तू घरातच निघाली. फिर्याद तुमची. ठेवायची का काढून घ्यायची ते तुम्ही सांगा."

म्हाताऱ्यानं बाजेच्या दोऱ्या चाचपल्या. मग त्यानं हात पुढं केला.

"ताव काढ तो."

हुसेनबीनं कडा पाण्यानं ओल्या करून कागद अलगद सोडवला, बापाच्या हातांत दिला. पाशामियाँनी डोळे मिटले आणि बोटं कागदावरून फिरवली. वरून खाली, मग आडवी. डाव्या कडेशी ती थांबली.

"मनगट लवकर फिरवलंस," ते म्हणाले. "पानी गळू द्यायचं. मंग फिरवायचं."

६

मानपत्रांचं काम दुसऱ्या दिवशी सुरू झालं. लिंबाजींनी आधी खूप डोकं धरलं. "बाईमाणूस हौदावर? सोसायटीत असं कधी झालं नाही. लोक काय म्हणतील?"

"लोक आतापर्यंत काय काय म्हणाले ते मी ऐकलंय," नागप्पा म्हणाले. "आता जरा गप बसू द्या त्यांना."

बानूबाईनं सगळ्या बायकांना काम थांबवून हौदाशी आणलं होतं. बंडप्पाही गोदामाची आशा सोडून दारात येऊन उभा होता. जैनोद्दीननं हौदात काठी फिरवून लगदा ढवळला. गिरणीची गाडी त्याला पुढच्या आठवड्यात गाठायची होती. बापानं कालच हो म्हटलं होतं.

हुसेनबी कंबरभर पाण्यात उतरली. तिनं चौकट दोन्ही हातांनी धरली, छापरी नीट केली. हौदाच्या काठावर पाशामियाँ उकिडवे बसले होते. त्यांना काही दिसत नव्हतं. ते कान लावून होते.

पहिला ताव फाटला. "पानी लई वाजलं," पाशामियाँ म्हणाले. दुसरा सुरकुतला. "घाई." तिसऱ्याला एक कोपराच नव्हता. बायका चुळबुळू लागल्या. लिंबाजींनी घड्याळ पाहिलं.

हुसेनबीनं ओठ आवळले आणि चौकट पुन्हा बुडवली. या वेळी तिनं ती उचलून तशीच धरून ठेवली. थेंब गळत राहिले, गळत राहिले, मग विरळ झाले. तिनं मनगट फिरवलं. छापरी गठ्ठ्यावर पालथी घालून तिनं ती सोलून काढली. खाली ओला, पांढरा, अखंड ताव पसरला होता.

पाशामियाँनी हात लांब करून चारी कडा चाचपल्या. सगळे त्यांच्या तोंडाकडे पाहत होते.  ते थोडे बाजूला सरकले आणि हौदाचा काठ रिकामा केला. अशाच काठावर उभं राहून त्यांच्या बापानं, आजोबांनी आणि त्यांनी कागद उचलला होता.

हुसेनबी पाण्यातून वर निघून त्या जागी आली आणि तिनं चौकट पाण्यात सोडली. शेडच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी ढेकीवर पाय दिला.